सोळा मीटरवरचा झीलकरी

आजऱ्याहून कोल्हापूरला यायला एस.टी.ला अडीच तास लागतात. आवाजाला किती लागतात, हे निशाला कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते तिच्या आजोबांनी, तेही जेवताना, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवता बुडवता.

"तुज्या त्या वायरीतनं जोत्याचा आवाज हितं आणता यील का गं?"

"येईल की, आण्णा. त्यात काय एवढं?" निशा म्हणाली.

हे 'त्यात काय एवढं' पुढं तीन आठवडे तिच्या कानात वाजत राहिलं.

निशाचे आजोबा म्हणजे गणपती आण्णा, शाहीर. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी गावोगाव जयंतीला त्यांचा जलसा व्हायचा. पुढं डफ घेऊन आण्णा, बाजूला ढोलकी आणि तुणतुणं, आणि आण्णांच्या डाव्या खांद्यामागं हातभर अंतरावर जोतीराम तात्या, त्यांचे झीलकरी. इतर पार्ट्यांत झीलकरी शाहिराच्या मागं नुसतं 'जी जी' करतात. यांची तऱ्हा निराळी होती. तात्या आण्णांच्या ओळीचा शेवटचा शब्द झेलायचे आणि तोच झिलीला लावून परत करायचे. आण्णांनी 'विहीर खणली सात पुरुष खोल' म्हणावं आणि त्यातला 'ल' विरायच्या आत मागून 'खोल जी, रं जी जी' यावं. बरं, आण्णांच्या ओळी ठरलेल्या नसायच्या. समोर बसलेल्या एखाद्या म्हातारीचं नाव, परवा फुटलेली पाण्याची पाइप, असं काहीही ते ऐनवेळी ओळीत घालायचे. तात्यांनी झेल सोडला असं चाळीस वर्षांत घडलं नाही. आणि एक नियम दोघांनी जिवापाड पाळला होता: झील आल्याशिवाय शाहिरानं पुढं पाय उचलायचा नाही.

तात्या एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर ते आजऱ्याला, आपल्या गावी गेले. गेल्या वर्षी त्यांची फुप्फुसं आखडायला लागली, आणि आता नाकात नळी नि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र असल्याशिवाय त्यांचा दिवस जात नव्हता. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. इकडं कोल्हापुरात गल्लीतल्या समाजमंदिराचं नवं बांधकाम पुरं होत आलं होतं. उद्घाटन तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी सकाळी, आणि उद्घाटनाला आण्णांनी विहिरीचं गाणं म्हणायचं, असं मंडळानं ठरवलं. आण्णांनी अट घातली की झील जोत्याची. तात्यांकडं फार रविवार उरले नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

निशानं फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं आणि ती सभागृहांच्या ध्वनियंत्रणा बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला होती. समाजमंदिराची यंत्रणा तिनंच बसवली. माइकपासून सहा स्पीकरपर्यंत जुन्या पद्धतीच्या जाड वायरी नाहीत, सगळं नेटवर्कच्या एका केबलवर. माइकमध्ये शिरलेल्या आवाजाचे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार आकडे होतात. त्यांतले अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस आकडे एका पॅकेटमध्ये भरले की दर मिलिसेकंदाला एक पॅकेट निघतं. सगळी यंत्रं एकाच घड्याळाकडं बघून चालतात, म्हणून सहाही स्पीकर एकाच क्षणी तोंड उघडतात. आणि मधल्या स्विचला, म्हणजे पॅकेटची वाट ठरवणाऱ्या डब्याला, तिनं बजावून ठेवलं होतं: आधी घड्याळ, मग आवाज, बाकीच्यांनी थांबायचं. माइकमध्ये बोललेलं स्पीकरमधून दोन मिलिसेकंदांत बाहेर यायचं. या कामाचा तिला मनातून अभिमान होता. हाच प्रकार आजऱ्यापर्यंत ताणायचा, एवढंच तर होतं.

ती आजऱ्याला जाऊन तात्यांच्या खाटेजवळ माइक, हेडफोन आणि एक छोटा डबा बसवून आली. तो सांभाळायचं काम तात्यांची सून आक्काताई हिच्याकडं आलं. आक्काताई काजूच्या कारखान्यात कामाला. दिवसभर काजू फोडून हात चिकानं काळे पडलेले, पण तिनं सगळी बटणं एकदा बघून पाठ केली.

"हिरवा दिवा लागला की बोलायचं, तांबडा लागला की तुला शिव्या द्यायच्या. आनि काय हाय त्यात?" ती म्हणाली.

पहिली चाचणी मंगळवारी दुपारी झाली. आण्णा नव्या समाजमंदिरात माइकसमोर उभे राहिले, अंगात धुतलेला सदरा घालून, जणू तात्या त्यांना बघणारच होते. ढोलकीवर अतुल बसला. तो फौंड्रीत पाळीनं काम करायचा, आणि वडलांच्या मागं ढोलकी त्याच्याकडं आली होती.

"जय भीम, शाहीर," सहा स्पीकरमधून तात्या म्हणाले. आवाज असा स्वच्छ की मागची ऑक्सिजनच्या यंत्राची घरघरसुद्धा ऐकू आली.

आण्णांनी दचकून मागं वळून बघितलं. डाव्या खांद्यामागं.

"जय भीम. जित्ता हाईस व्हय रं?"

"तुला पोचवल्याबिगर जातोय व्हय? तिकीट फाडल्याबिगर मी कुनाला सोडलंय का?"

दोघं हसले. तात्यांना हसताना ढास लागली, आक्काताईनं त्यांना पाणी दिलं, हे सगळं हॉलमध्ये ऐकू आलं. निशाला वाटलं, झालं काम. एवढ्यासाठीच का आपण रात्रभर तळमळत होतो?

मग गाणं सुरू झालं.

पहिल्या कडव्यात तिला काही जाणवलं नाही. दुसऱ्यात अतुलची मान जरा वेगळी हलायला लागली. तिसऱ्या कडव्याला गाणं चिखलातून चालल्यासारखं चाललं होतं. निशानं रेकॉर्डिंग मोजलं. सुरुवातीला मिनिटाला एकशे दहा ठोके, शेवटी चौऱ्याऐंशी.

आण्णांनी डफ खाली ठेवला. निशाला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "त्याचा दम संपलाय गं. झील मागं पडालीया. आयुष्यात कवा मागं पडला न्हाय त्यो. मी आपला थांबत थांबत म्हटलं, त्याला झेपावं म्हनून." त्यांचे डोळे भरले होते.

संध्याकाळी आक्काताईचा फोन आला. "मामा इचारायलेत, शाहिराची तब्येत बरी न्हाय का? म्हनत्यात, गणप्या म्हातारा झाला, वळ वडत न्हेतोय. त्याला सांगू नगा, पर मी बी मग दमानंच झील दिली, त्याची फजिती नगो म्हनून."

निशा फोन हातात धरून पायरीवर बसली. दोघांपैकी कुणीच मंद झालं नव्हतं. आण्णांची ओळ तात्यांपर्यंत उशिरा पोचत होती, तात्यांची झील त्याहून उशिरा परत येत होती. पलीकडचा दमला असं समजून अलीकडचा मायेनं थांबत होता, आणि ते थांबणंही पलीकडं उशिरा पोचत होतं. दर ओळीला दोघं एकमेकांसाठी थोडे थोडे थांबत गेले.

तिनं आण्णांना समजावलं. कागदावर आकृती काढून दाखवली. आण्णांनी आकृती नीट बघितली आणि घडी घालून परत दिली.

"तुजं बराबर आसंल. पर मला चाळीस वर्सं त्याचा दम म्हाईत हाय. त्यो मागं पडलाय."

तेव्हापासून निशा त्या उशिराच्या मागं लागली. एका बाजूनं ऐंशी मिलिसेकंद लागत होते. तिनं वाचलेल्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: वीस-पंचवीसच्या आत असलं तर माणसं एकत्र गाऊ शकतात, त्यापुढं गेलं की नकळत संथ होत जातात. म्हणजे ऐंशीचे पंचवीस करायचे. तात्यांच्या घरातलं वायफाय काढून तिनं वायर ओढली. ऐंशीचे पासष्ट झाले. दोन्हीकडची यंत्रं बदलली, प्रत्येक पॅकेट दोनदा पाठवायला लावलं, एक हरवलं तर दुसरं असावं म्हणून. पासष्टचे चोपन्न झाले.

राहता राहिला साठा. इंटरनेटवरून पॅकेट एका चालीनं येत नाहीत. चार घाईत येतात, पाचवं रेंगाळतं. म्हणून येणारा आवाज क्षणभर साठवून मग वाजवायचा असतो. गल्लीत नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून आई मोरीत बॅरल भरून ठेवते, तसंच. बॅरल मोठं असेल तर घरातलं पाणी तुटत नाही, पण वापरायला मिळतं ते कालचं. निशानं बॅरल लहान लहान करत नेलं. अठ्ठेचाळीसला तात्यांचा आवाज स्वच्छ होता. चाळीसला मधेच टिचक्या वाजायला लागल्या. पस्तीसला 'खोल जी'मधला 'खो' गळाला. तिसाला तात्या असे ऐकू यायचे, जणू कुणी त्यांचं तोंड दाबून दाबून सोडतंय. आण्णांनी ते ऐकलं आणि कानांवर हात ठेवले.

"बंद कर ते. बुडाल्यावानी वाटालाय."

ती अठ्ठेचाळीसला परत आली.

कोल्हापूर ते आजरा शंभर किलोमीटरसुद्धा नाही. काचेच्या तारेतून प्रकाश तेवढं अंतर अर्ध्या मिलिसेकंदात कापतो. मग बाकीचा वेळ जातो कुठं? तिनं पॅकेटचा माग काढला. आजऱ्याहून निघालेला तात्यांचा आवाज कोल्हापूरला यायचा खरा, पण उतरायचा नाही. तसाच मुंबईला जायचा. तिथं इंटरनेटच्या दोन कंपन्यांची गाठ पडायची, आणि तिथून तो पुन्हा कोल्हापूरला यायचा. तिनं आजऱ्याच्या जोडणीवाल्याला फोन करून विचारलं, सरळ वाट देता येईल का.

तो मनापासून हसला. "ताई, आजऱ्यातनं कोल्हापूरला सरळ वाट फकस्त एस.टी.ला हाय."

त्याचं चुकत नव्हतं. त्या वाटेवर त्याचीही सत्ता नव्हती आणि तिचीही. त्या दिवशी तिनं वहीत हिशेब केला: हवेतून आवाज एका सेकंदात तीनशे त्रेचाळीस मीटर जातो, तर अठ्ठेचाळीस मिलिसेकंदांत सोळा मीटर. म्हणजे इतकी उलाढाल करून तिनं तात्यांना आजऱ्याहून उचलून आण्णांपासून सोळा मीटरवर आणून उभं केलं होतं. समाजमंदिराच्या दुसऱ्या टोकाला, दाराबाहेर, चपला काढतात तिथं. पंचवीस म्हणजे साडेआठ मीटर. मधले सात-आठ मीटर तिला काही केल्या ओलांडता येत नव्हते.

तिला एक युक्ती सुचली. तात्यांची झील एक अख्खी ओळ उशिरा वाजवायची. ताल बरोबर जुळेल. आण्णांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे मी 'उजेड' म्हननार, आनि त्यो मागल्या वळीचं 'खोल' म्हननार?"

"हो. पण ठेक्यात."

"बाई, ठेका अतुल्या धरतोय की. जोत्या माजा शब्द धरतोय."

शेवटी एकच वाट उरली. एका बाजूचीच वाट. उलटं करायचं: तात्यांनी शाहीर व्हायचं आणि आण्णांनी झील द्यायची. तात्यांचा आवाज हॉलमध्ये कितीही उशिरा येवो, आण्णा, अतुल आणि लोक तो आला तसा ऐकणार आणि त्याच्या मागं जाणार. हॉलमध्ये सगळं चोख जुळेल. बॅरलही आणखी लहान करायला नको, अठ्ठेचाळीसलाच राहिलं तरी चालेल, एक टिचकी वाजणार नाही. फक्त परतीचा आवाज बंद ठेवायचा. तो तात्यांच्या कानावर उशिरा पडला तर ते पुन्हा थांबत जातील. तात्यांनी काहीही न ऐकता म्हणायचं. झिलीसाठी मनात चार ठोके मोजायचे आणि पुढची ओळ टाकायची.

हे तिनं तात्यांना सांगितलं.

"म्हंजे बहिऱ्यावानी म्हनायचं," तात्या म्हणाले.

"हो, तात्या."

"त्याला दम न्हाय, चार वळी कशा म्हनंल त्यो?" आण्णा मधेच म्हणाले.

"म्हनतो की! मरंस्तवर तुज्या मागंच हुबा ऱ्हाऊ व्हय? एकदा म्होरं हून बगतो, कसं वाटतंय." आणि मग आक्काताईला, "चार ठोके म्हंजे किती गं? बोटं धर."

चार दिवस सराव झाला. आक्काताई खाटेच्या दांडीवर बोटानं चार ठोके वाजवायची, तात्या पुढची ओळ टाकायचे. रेकॉर्डिंगमध्ये एकशे दहा ठोके पहिल्यापासून शेवटपर्यंत एकशे दहाच राहिले. आण्णा पहिल्यांदाच झीलकरी झाले होते आणि तात्यांचा शब्द झेलताना त्यांचा चेहरा उजळायचा. "दम हाय की लेकाला," ते म्हणाले. निशानं त्यांना काही आठवण करून दिली नाही.

रविवारी सकाळी समाजमंदिर भरलं. बायका पांढऱ्या साड्यांत, मागच्या भिंतीला टेकून म्हातारे. वंदना झाली, दोन भाषणं झाली. निशा कोपऱ्यात लॅपटॉपशी बसली होती. येणारा आवाज सुरू, जाणारा बंद. हरवलेली पॅकेट: शून्य. तिनं आक्काताईला मिस कॉल दिला, सुरू करा म्हणून.

"जय भीम, मंडळी," सहा स्पीकरमधून तात्या म्हणाले. जुन्या लोकांत कुजबुज उठली. आण्णांनी माइक धरला, अतुलनं ढोलकीवर थाप दिली, पण तात्यांना ती ऐकू जाणार नव्हती.

"वाडीच्या भाईर, आमी विहीर खणली..."

"खणली जी, रं जी जी," आण्णा.

"कातळ फोडला, सात पुरुष खोल..."

"खोल जी, रं जी जी." आता सगळा हॉल झील द्यायला लागला. निशाच्या अंगावर काटा आला.

तिसरी ओळ ठरलेली होती: 'पाण्यात दिसला उजेड'. तात्यांनी ती म्हटली नाही. सराव निराळा आणि भरल्या सभेपुढं शाहीर होणं निराळं. त्यांना सभा ऐकू येत नव्हती, तरी ती समोर आहे हे त्यांना माहीत होतं, आणि शाहीर सभेपुढं जे करतो ते त्यांनी केलं. ऐनवेळी ओळ बांधली.

"दोराला हुता माझा शाहीर गणपती..."

आण्णांचा आवाज चिरकला, पण झेल सुटला नाही. "गणपती जी, रं जी जी!" हॉल गरजला.

चार ठोके झाले. पाच झाले. स्पीकरमधून चौथी ओळ आली नाही. मागं आक्काताईचं बोट दांडीवर वाजत होतं, पुन्हा पुन्हा, चार, चार. तात्या गप्प होते. शाहिराचं नाव घेतलं होतं, आणि त्यांच्या कानावर झील आली नव्हती. झील आल्याशिवाय शाहिरानं पाय उचलायचा नाही.

हॉलनं पुन्हा झील दिली. मग तिसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं, जणू आवाज चढवला तर आजऱ्यापर्यंत वायरीशिवायच पोचेल.

"गणप्या," तात्या म्हणाले, गाण्याच्या बाहेर, साध्या आवाजात. "हाईस न्हवं?"

आण्णा माइकमध्ये ओरडले, "हाय की रं! हितंच हाय!" आणि मग निशाकडं वळून बघितलं. निशाला माहीत होतं काय होणार. तिनं परतीचा आवाज उघडला.

"हाय रं जोत्या. हाय मी."

"आसं व्हय. मग बोलंनास का?"

लोक हसले, काहींनी डोळे पुसले. आता कोण शाहीर आणि कोण झीलकरी हे ठरवायची गरज दोघांना पडली नाही. आण्णांनी आपसूक ओळ टाकली, "पाण्यात दिसला आमाला उजेड," आणि तात्यांनी झेलली, "उजेड जी, रं जी जी." नेहमीसारखी, फक्त सोळा मीटरवरून. आण्णा थोडे थांबले. तात्या थोडे थांबले. निशा पडद्यावर आकडा बघत होती. एकशे चार. सत्त्याण्णव. एकोणनव्वद.

अतुलनं तिच्याकडं बघून भुवया उडवल्या, काय करू? तिनं तळहात सरळ धरून दाखवला, ठेका सोडू नको. त्यानं दोन ओळी प्रयत्न केला. पण समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस डोळे मिटून कुणाची तरी वाट बघतोय, आणि त्याला ढोलकीनं पुढं ढकलायचं, हे अतुलला जमलं नाही. तोही संथ झाला. ऐंशी. एकाहत्तर.

तिच्या हातात एकच गोष्ट होती. परतीचा आवाज तोडला असता तर हॉलमधलं गाणं वाचलं असतं, पण तात्या पुन्हा एकटे पडले असते. तिनं कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले.

मग दोन ओळींमध्ये ढोलकीची एक थाप पडली आणि तिच्या मागं दुसरी पडलीच नाही. आण्णा तात्यांसाठी थांबले होते, तात्या आण्णांसाठी. हॉल चिडीचूप. सहाही स्पीकरमधून ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर येत होती, एका टिचकीविना, एका चालीत. हरवलेली पॅकेट अजूनही शून्य होती.

"फुडं म्हन की," आण्णा म्हणाले.

"फुडं म्हन की," तात्या म्हणाले.

दोघं बोलले एकाच क्षणी, पण हॉलमध्ये बसलेल्यांना वाटलं, आधी आण्णा बोलले आणि मग तात्या. आजऱ्यात आक्काताईला तात्यांचं आधी ऐकू आलं असणार. दोघांनीही पुन्हा वाट बघितली.